पुढची मालिका कोणती पाहावी? नवख्यांसाठी माझ्या वहीतील नियम

२८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा टाळेबंदीमुळे आम्ही चौघेही घरातच होतो आणि सकाळचे नऊ व रात्रीचे नऊ या दोन वेळा आमच्यासाठी आपोआप ठरून गेल्या होत्या. काय पाहायचे, कोणी ठरवायचे, किती पाहायचे, हे प्रश्न तेव्हा घरात निघालेच नाहीत. ती मालिका संपली, पुढे काही महिन्यांत घरात स्मार्ट टीव्ही आला, इंटरनेटवरून मालिका दाखवणाऱ्या दोन सेवांची, म्हणजे ओटीटींची वर्गणी भरली गेली आणि तिथून गोंधळाला सुरुवात झाली. रात्रीची जेवणे आटोपून पावणेनऊला आम्ही टीव्हीसमोर बसत असू आणि मग रिमोट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत राही. हा ट्रेलर पाहा, तो नको, याचा पहिला भाग लावून पाहू, नको, बंद करा, असे चालू असताना सासूबाई “तुमचं ठरलं की मला हाक मारा,” असे म्हणून आत निघून जात. एका रात्री मी मुद्दाम घड्याळाकडे लक्ष ठेवले. पावणेनऊपासून नऊ पन्नासपर्यंत पासष्ट मिनिटे गेली आणि तेवढ्या वेळात एकही भाग पाहून झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या शाळेची अर्धी कोरी राहिलेली वही मी त्यासाठी घेतली आणि काय पाहायचे याचे नियम लिहायला लागले. गेल्या काही वर्षांत ते बरेच बदलले, काही खोडले गेले, पण एक नियम पहिल्या पानापासून आजपर्यंत तसाच आहे: पुढे काय पाहायचे, हे टीव्ही बंद असताना ठरवायचे. खाली दिलेल्या सगळ्या पायऱ्या त्या एका नियमाच्या आधाराने उभ्या आहेत. ज्यांच्याकडे नुकताच स्मार्ट टीव्ही आला आहे, जे केबलवरून ओटीटीकडे वळत आहेत, किंवा निवृत्तीनंतर ज्यांना प्रथमच निवांत संध्याकाळ मिळू लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सुरुवातीला काय काय लागते

- एक वही आणि पेन. फोनमधील नोंदीही चालतात, परंतु वही टीव्हीशेजारी ठेवता येते आणि घरातील कोणीही तीत लिहू शकते.
- तुमच्याकडे सध्या असलेल्या सर्व वर्गण्यांची यादी: कोणती सेवा, किती पैसे, कोणत्या तारखेला नूतनीकरण, पैसे कोणाच्या खात्यातून जातात.
- प्रत्येक ओटीटीवर घरातील प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र प्रोफाइल.
- घरात मुले असतील तर प्रौढांच्या प्रोफाइलला पिन.
- फोनमधील कॅलेंडर.

१. आधी आठवड्याचे तास मोजा

मालिका निवडण्याआधी आपल्याकडे किती वेळ आहे, हे लिहून काढा. हा अंदाज मनात करू नका, कारण मनातला अंदाज नेहमी मोठा निघतो. मी पहिल्यांदा ‘रोज दोन तास’ असे लिहिले होते. नंतर दोन आठवडे खरोखर नोंद ठेवली, तेव्हा पाहुणे, लेकीची परीक्षा, उशिरा येणारी बस आणि थकवा हे सगळे वजा जाता आठवड्याला पाचच तास हाती उरले.

हा आकडा मिळाला की निवड निम्मी सोपी होते. ‘चेर्नोबिल’ ही २०१९ मधील मालिका पाच भागांची आहे. प्रत्येक भाग तासाभराचा किंवा थोडा अधिक असल्यामुळे आठवड्याला पाच तासांच्या हिशेबाने ती एका आठवड्यात किंवा फार तर त्यानंतरच्या शनिवारी संपते. याउलट ‘ब्रेकिंग बॅड’चे पाच सीझनमध्ये मिळून ६२ भाग आहेत आणि पाऊण तासाच्या आसपासचा एक भाग धरला तरी ते सगळे प्रकरण पन्नास तासांच्या जवळ जाते, म्हणजे आमच्या घरात त्याला दहा आठवडे लागतील. दोन्ही मालिका उत्तम आहेत. प्रश्न एवढाच असतो की गणपतीला तीन आठवडे उरले असताना आणि त्यानंतर घर पाहुण्यांनी भरणार असताना यांपैकी कोणती हाती घ्यायची. दहा आठवड्यांची मालिका चौथ्या आठवड्यात सुटली तर ती पुन्हा हाती घेणे फार कठीण जाते. पात्रे अंधुक होतात आणि कथेशी जुळलेला धागा तुटतो.

२. सुचवलेल्या मालिकेची नोंद कारणासह करा

कोणीही एखादी मालिका सुचवली की तिचे नुसते नाव लिहून ठेवू नका. माझ्या वहीत सहा रकाने आहेत: नाव, कोणी सुचवली आणि काय म्हणून सुचवली, किती भाग आणि एक भाग किती मिनिटांचा, कथा पूर्ण झाली आहे की चालू आहे, कुठे उपलब्ध आहे, आणि कोणासोबत पाहायची.

यातील दुसरा रकाना सर्वांत मोलाचा आहे. ‘कार्यालयातील मैत्रिणीने सांगितले’ या नोंदीचा सहा महिन्यांनंतर काहीही उपयोग होत नाही. ‘कार्यालयातील मैत्रिणीने सांगितले, कारण शेअर बाजारातले काही कळत नसतानाही तिला सगळे समजले’ अशी नोंद मात्र अजूनही बोलते. ती ‘स्कॅम १९९२’ या दहा भागांच्या मालिकेसमोर होती आणि तेवढ्याच कारणासाठी आम्ही ती हाती घेतली. सुचवणाऱ्याला मी नेहमी एक प्रश्न विचारते: “त्यात तुम्हाला नेमके काय आवडले?” ज्यांना उत्तर देता येते, त्यांची शिफारस वरच्या ओळीत जाते. नुसतेच “एकदम भारी आहे, बघाच” असे म्हणणाऱ्यांची शिफारसही लिहून ठेवावी, परंतु खालच्या ओळीत.

येथे एक सापळा आहे. ओटीटीच्या आतच ‘माझी यादी’ असते आणि तीत एका दाबाने नाव जोडता येते, त्यामुळे ती भराभर वाढते. ती यादी म्हणजे वही नव्हे. तिथे कारण लिहिता येत नाही, एका सेवेतील नाव दुसऱ्या सेवेत दिसत नाही आणि वर्गणी बंद केली की यादीही हातून जाते. शिवाय ती उघडण्यासाठी टीव्ही सुरू करावा लागतो, आणि टीव्ही सुरू झाला की समोर येणारी चित्रे स्वतःच आपल्यासाठी ठरवू लागतात. नेटफ्लिक्ससारख्या सेवेवर एकाच मालिकेचे मुखचित्रदेखील सर्वांना सारखे दिसत नाही. ज्याने आधी जे पाहिले असेल, त्याला रुचेल असे चित्र त्याच्यापुढे मांडले जाते. विनोदी मालिका पाहणाऱ्याला हसरा चेहरा आणि गुन्हेकथा पाहणाऱ्याला त्याच मालिकेतील गंभीर चेहरा दिसला, तर चित्रावरून मालिकेची पारख कशी करणार?

३. कोणासोबत पाहायची, ते आधी ठरवा

आमच्या वहीत आता तीन याद्या आहेत. पहिली चौघांची, दुसरी आम्हा दोघांची आणि तिसरी प्रत्येकाची आपापली. हे विभाजन होईपर्यंत घरात जितके वाद झाले, त्यांतील बहुतेक वाद मालिकेच्या दर्जावरून झालेच नव्हते. चुकीच्या माणसांसोबत योग्य मालिका लावल्यामुळे ते झाले होते.

चौघांच्या यादीसाठी आम्ही दोन कसोट्या ठेवल्या आहेत. पहिली भाषेची. सासूबाई मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण पडद्यावर खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी त्यांना गाठता येत नाहीत. दोन ओळी वाचेपर्यंत चेहऱ्यावरचे भाव निसटून जातात, असे त्या सांगतात. म्हणून चौघांच्या यादीत फक्त मराठी आणि हिंदी. दुसरी कसोटी वयोगटाची. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशा श्रेणी असतात. ही श्रेणी आणि तिच्यासोबत हिंसा, शिवीगाळ, नशा यांविषयी दिलेली सूचना भागाच्या सुरुवातीला किंवा माहितीच्या पानावर दिसते. ती दोन सेकंदांत निघून जाते, म्हणून ती वहीत आधीच उतरवून घ्या. यू/ए १३+ आणि त्यावरील कार्यक्रमांसाठी कुलपाची सोय देणे या सेवांना बंधनकारक आहे. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन तुम्हाला स्वतः सुरू करावी लागते.

पुरस्काराच्या नावावर चौघांच्या यादीत कोणतीही मालिका घालू नका. ‘दिल्ली क्राइम’ला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला आणि तो सार्थ होता, असे माझे मत आहे. तिचा पहिला सीझन २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या तपासावर आधारलेला आहे. तो मी एकटीने, दुपारी, पडदे उघडे ठेवून पाहिला. सासूबाई आणि शाळकरी लेक यांच्या मधोमध बसून रात्री जेवणानंतर पाहण्याचा तो विषय नाही.

४. आधी पूर्ण झालेली मालिका, मग चालू असलेली

नवख्या प्रेक्षकाने पहिले वर्षभर तरी फक्त पूर्ण झालेल्या मालिकाच घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. पूर्ण झालेल्या मालिकेचा शेवट कुठे आहे, हे ठाऊक असते. तिचे तास मोजता येतात. आणि ज्यांनी ती पूर्ण पाहिली आहे, त्यांचे मत उपलब्ध असते. चालू मालिकेबाबत यांतले काहीच नसते. ‘सेक्रेड गेम्स’चे दोन सीझन २०१८ आणि २०१९ मध्ये आले आणि तिसरा आलाच नाही, दुसऱ्या सीझनचा शेवट जिथे सोडला, तिथेच तो राहिला. ‘पंचायत’चे सीझन २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये आले. ही मालिका चौघांच्या यादीतील आमची सर्वांत लाडकी, पण वर्ष-दोन वर्षांच्या अंतरामुळे प्रत्येक वेळी कोण कोणाच्या बाजूने होते, हे एकमेकांना विचारत बसावे लागले. आता नवा सीझन यायच्या आदल्या रविवारी आम्ही मागच्या सीझनचे शेवटचे दोन भाग पुन्हा पाहतो आणि मगच पुढे जातो.

‘पूर्ण’ या शब्दाचीही पारख करावी. काही मालिका सुरुवातीपासून शेवट डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असतात. जर्मन मालिका ‘डार्क’ तीन सीझन आणि २६ भागांत, ठरल्याप्रमाणे संपली. काही मालिका मात्र प्रेक्षक मिळत राहिले म्हणून चालत राहतात आणि एके दिवशी थांबवल्या जातात. वहीच्या चौथ्या रकान्यात मी म्हणूनच ‘ठरवून संपली’, ‘मध्येच थांबली’ किंवा ‘चालू’ यांपैकी एक शब्दप्रयोग लिहिते.

५. गुण आणि टक्केवारी वाचायला शिका

या पायरीवर नवखी माणसे सर्वाधिक फसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आयएमडीबी या संकेतस्थळावर दिसणारा दहापैकी गुणांचा आकडा सर्वसाधारण प्रेक्षकांच्या मतांवरून काढलेला असतो. रॉटन टोमॅटोज या परीक्षणे गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांच्या नावाने दिसणारी टक्केवारी मात्र गुणांची सरासरी नसते. किती टक्के समीक्षकांचे परीक्षण अनुकूल होते, एवढेच ती सांगते. शंभरपैकी पंचाण्णव समीक्षकांना एखादी मालिका ‘बरी आहे, पाहायला हरकत नाही’ एवढीच वाटली, तरी आकडा ९५ टक्के दिसेल. उलट एखादी मालिका साठ समीक्षकांना अप्रतिम आणि चाळिसांना असह्य वाटली असेल, तर आकडा ६० टक्के दिसेल, आणि कदाचित तीच तुमच्या मनात घर करून राहील. आमच्या वहीत सर्वाधिक आवडलेल्या मालिकांमध्ये अशा मतभेदाच्या मालिका बऱ्याच आहेत.

टीआरपी ही तिसरीच गोष्ट आहे. मीटर बसवलेल्या निवडक घरांतील नोंदींवरून बार्क ही संस्था हे आकडे देते आणि किती घरांत काय पाहिले गेले, एवढेच त्यांतून कळते. एखादी मालिका आठच्या ठोक्याला लागते, त्या वेळी घरात टीव्ही सुरूच असतो आणि स्वयंपाक करता करता ती कानांवर पडते, हेही त्या आकड्यात येते. ती चांगली आहे की नाही, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

मग आकड्यांचा उपयोग करूच नये का? करावा, पण वेगळ्या रीतीने. आयएमडीबीवर प्रत्येक भागाला स्वतंत्र गुण असतात. एकूण सरासरीपेक्षा ही भागवार उतरंड जास्त बोलकी असते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची एकूण सरासरी उत्तम आहे, पण आठव्या, म्हणजे शेवटच्या सीझनमधील भागांचे गुण पाहिले तर ते झपाट्याने खाली आलेले दिसतात. ७३ भागांना हात घालण्याआधी ही गोष्ट ठाऊक असलेली बरी. त्यानंतरही पाहायचे ठरवले, तर ते डोळे उघडे ठेवून ठरवले असे होईल. ज्या मालिकेचे गुण पहिल्या तीन भागांत मध्यम आणि नंतर हळूहळू चढत जाणारे असतात, तिच्याबाबत मी सातव्या पायरीवरील परीक्षेत एक भाग वाढवून देते.

सावधगिरी एवढीच की हे आकडे पाहताना भागांची शीर्षके आणि खालचा सारांश वाचू नका. अनेकदा शीर्षकातूनच कोणाचा मृत्यू होणार, ते कळते. मी तळहाताने अर्धा फोन झाकून फक्त आकड्यांचा रकाना पाहते. आणखी एक: मालिका आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मत देणारे बहुधा तिची वाट पाहत बसलेले उत्साही चाहते असतात. निदान महिनाभर थांबा.

६. क्रम लावताना जड आणि हलके यांचा विचार करा

यादी तयार झाली तरी क्रमाचा प्रश्न उरतो. आमचा क्रम जेवणाच्या ताटासारखा आहे. एक लांब मालिका झाली की पुढची आखूड. एक जड झाली की पुढची हलकी. परक्या भाषेतील दोन झाल्या की तिसरी मराठी. फाळणीच्या काळावरील ‘तमस’ पाहिल्यानंतर आम्हाला चार दिवस दुसरे काहीही पाहावेसे वाटले नव्हते. त्यानंतर मी ‘गुल्लक’चा पहिला सीझन लावला, पाच भागांचा, छोट्या गावातील एका साध्या कुटुंबाचा, आणि घर पुन्हा बोलू लागले.

मराठीसाठी वेगळी ओळ राखून ठेवावी, असे मी कळकळीने सांगते. ओटीटीवर समोर येणाऱ्या चित्रांत मराठी आपण होऊन क्वचित दिसते. ती शोधावी लागते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’, ‘अग्निहोत्र’ ही नावे घरातील मोठ्या माणसांकडून नोंदवून घ्या आणि ती सध्या कुठे उपलब्ध आहेत, ते वहीत लिहा, कारण जागा बदलत राहतात. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांसाठी प्रसार भारतीचे ‘वेव्ह्ज’ हे ओटीटी पाहावे. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू करण्यात आले.

काही मालिका या क्रमाच्या बाहेर ठेवाव्यात. ‘भारत एक खोज’चे ५३ भाग आहेत आणि प्रत्येक भागात विचार करायला इतके असते की सलग पाहणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. आम्ही ती दर रविवारी सकाळी एक, या हिशेबाने पाहिली. वर्षभराहून थोडा अधिक काळ लागला. त्या वर्षात लेकीने इतिहासाच्या पुस्तकातील धडे मालिकेशी आपण होऊन जोडून पाहिले.

७. परीक्षा घ्या, आणि सोडायला शिका

प्रत्येक मालिकेला किती संधी द्यायची, हे सुरू करण्यापूर्वीच वहीत लिहा. माझे प्रमाण असे आहे: अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेला तीन भाग, तासाभराच्या नाट्यमालिकेला दोन भाग, आणि पाच-सहा भागांत संपणाऱ्या मालिकेला एक भाग.

पहिल्याच भागावरून निकाल देऊ नये, याला सबळ कारण आहे. विशेषतः अमेरिकी दूरचित्रवाणीवर पहिला भाग पुष्कळदा वाहिनीला पटवून देण्यासाठी आधी वेगळा चित्रित केलेला असतो आणि त्यानंतर मान्यता मिळाली की पुढचे भाग तयार होतात. मालिकेचा रोजचा श्वास कसा आहे, ते दुसऱ्या भागात कळते. विनोदी मालिकेत तर पात्रांच्या लकबी ओळखीच्या झाल्याशिवाय हसू येत नाही, म्हणून तिला तीन भाग.

परीक्षा संपली की टीव्ही बंद करून एकमेकांना दोन प्रश्न विचारा. पुढे काय होईल, याची उत्सुकता आहे का? आणि या माणसांसोबत आणखी एक संध्याकाळ घालवावी असे वाटते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी अधिक महत्त्वाचे मानते, कारण पहिली उत्सुकता निर्माण करण्याची युक्ती सर्वच लेखकांना अवगत असते. भागाच्या शेवटच्या मिनिटात दार वाजते, फोन येतो, कोणीतरी मेलेला माणूस जिवंत दिसतो, आणि आपण पुढचा भाग लावतो. यावर एक साधा उपाय मला सापडला: भाग संपतो तिथे थांबायचेच नाही. पुढच्या भागाची पहिली सात-आठ मिनिटे पाहायची, दारात कोण आहे ते कळू द्यायचे, आणि कथा पुन्हा संथ झाली की तिथे टीव्ही बंद करायचा. झोप शांत लागते आणि दुसऱ्या दिवशी मालिका खरोखर आवडली आहे का, याचे प्रामाणिक उत्तर मिळते. यासाठी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. हे काम पहिल्याच दिवशी करण्यासारखे आहे.

सोडलेल्या मालिकेपुढे ‘सोडली’ एवढेच लिहू नका. कारण लिहा, कारण कधी कधी दोष मालिकेचा नसतो. ‘डार्क’ आम्ही दोघांनी पहिल्यांदा इंग्रजी डबिंगमध्ये लावली आणि दोन भागांनंतर सोडली. वहीत यांनी लिहिले: ‘आवाज चेहऱ्यांचे वाटत नाहीत, नावे लक्षात राहत नाहीत.’ वर्षभराने ते वाचून लक्षात आले की दोन्ही तक्रारींवर इलाज आहे. मूळ जर्मन आवाज आणि खाली इंग्रजी ओळी ठेवल्या, वहीचे एक पान आडवे धरून त्या गावातील चार कुटुंबांची वंशावळ काढायला घेतली आणि प्रत्येक भागानंतर तीत एक-एक नाव भरत गेलो. पेन्सिलीने काढलेले ते पान खोडून खोडून मधोमध फाटले आहे, त्याला चिकटपट्टी लावली आहे, आणि सबंध वहीतले ते माझे सर्वांत आवडते पान आहे.

८. रोजच्या मालिकेचे नियम वेगळे

वाहिन्यांवरील दैनंदिन मालिकांना वरचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण त्यांचा शेवट आधी ठरलेला नसतो. आठवड्याचे सहा दिवस आणि जाहिरातींसह अर्धा तास धरला तर एक मालिका आठवड्याचे तीन तास आणि वर्षाचे दीडशेहून अधिक तास घेते. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, हे लक्षात घेतले की हा निर्णय किती मोठा आहे, ते समजेल. म्हणून आमचा नियम: एका माणसाची एका वेळी एकच दैनंदिन मालिका. दुसरी घ्यायची असेल तर पहिली सोडायची.

ज्येष्ठांच्या मालिकेला मात्र यादीच्या बाहेर, सन्मानाने स्वतंत्र वेळ द्या. सासूबाईंचा साडेसात ते आठ हा वेळ त्यांचा आहे आणि त्या वेळी रिमोटला कोणी हात लावत नाही. मालिकेत ‘लीप’ आला, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे गेली, मुख्य ट्रॅक बदलला किंवा संध्याकाळची वेळ बदलून ती दुपारी गेली, की पुढे पाहायची का, याचा विचार नव्याने करावा. महाएपिसोडच्या आधी आठवडाभर चालणाऱ्या प्रोमोवर विश्वास ठेवू नये. त्यात दाखवलेला प्रसंग पुष्कळदा स्वप्नातला निघतो आणि सासूबाईंना त्याचे खरोखर वाईट वाटते.

९. वर्गणीच्या तारखा यादीशी जोडा

हा भाग थोडक्यात. एकाच वेळी दोनपेक्षा अधिक सेवा चालू ठेवू नका. वहीत एखाद्या सेवेवरील तीन-चार नावे जमली की महिन्याची वर्गणी घ्या, ती पाहा आणि थांबवा. एका ओटीटीची वार्षिक वर्गणी आमच्याकडून सवलतीच्या मोहात भरली गेली आणि वर्षभरात तिथे आम्ही एकच मालिका पाहिली; पुढच्या वर्षीचे पैसेही आपोआप वळते झाले. कार्डावरून किंवा खात्यातून अशी ठरावीक कपात होण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना येणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवश्यक आहे, पण तो संदेश इतर संदेशांत हरवतो. त्यावर अवलंबून न राहता नूतनीकरणाच्या पाच दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावा.

१०. शेवटच्या भागाआधी पुढचे नाव ठरवा, आणि संपल्यावर तीन ओळी लिहा

मालिकेचे दोन भाग उरले असताना, शक्यतो रविवारी दुपारी चहाच्या वेळी, वही उघडा आणि पुढचे नाव ठरवा. आमच्याकडे पाळी ठरलेली आहे: एकदा सासूबाई, एकदा हे, एकदा मी, एकदा लेक. ज्याची पाळी असेल त्याने चौघांच्या यादीतील तीन नावे वाचून दाखवायची. बाकीच्यांना मिळून एक नाव वगळण्याचा अधिकार आहे, उरलेल्या दोनांतून पाळीवाल्याने निवडायचे. दहा मिनिटांत काम होते. ठरवलेल्या नावाभोवती चौकट काढायची आणि ती चौकट काढली की चर्चा बंद.

मालिका संपल्यावर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत लक्षात राहिलेला एक प्रसंग, दुसरीत न पटलेली एक गोष्ट, तिसरीत ही मालिका कोणाला सुचवावी त्याचे नाव. घरातील प्रत्येकाने आपापल्या ओळी लिहिल्या तर फारच चांगले. सासूबाई सुरुवातीला लिहीत नसत. त्या सांगत आणि लेक लिहून घेई. ‘भारत एक खोज’ संपली त्या रविवारी त्यांनी प्रथमच स्वतः पेन मागून घेतले, चष्मा पुसला आणि तीन ओळींऐवजी पाऊण पान लिहिले. त्याखाली पुढच्या पाळीसाठी त्यांनी त्याच अक्षरात एक नाव लिहून ठेवले: ‘मालगुडी डेज’. चौकटही त्यांनीच काढली.